गुरुजींची हळद

शालीकराम गुरुजींवर चार शब्द लिहून द्यायला मला दुलीचंदजींनीच सांगितलं. शाळेत गुरुजींचा फोटो लावायचा आहे. त्या दिवशी ते वाचून दाखवायचे आहेत.

"तू बी.ए. झाला, बाबू. मराठी घेऊन झाला. तूच लेह," ते म्हणाले. "मोठा कुटुंबवत्सल मानूस होता, असं लेहजो. घरासाठी झिजला म्हनून लेहजो."

हे खरं आहे. गुरुजी घरासाठी झिजले. पण कोणाच्या घरासाठी, आणि कोण म्हणून, हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येईना. म्हणून हे लांबलं. हे शाळेत वाचलं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गुरुजींचं मूळ गाव आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी होतं. अठराशे सत्त्याण्णवच्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. चौथी शिकलेले. अंगावर धड कपडा नव्हता. मोहफुलं वेचून खात ते केशोरीला आले, आणि बकारामजींच्या दारात बसले. बकारामजी आमच्या गावातले मोठे शेतकरी. धानाची जमीन भरपूर. मूल एकच, दहा वर्षांची रुख्मिणी. त्यांनी पोराला भात वाढला. पोरगं जेवलं, ताट घासलं, आणि न सांगता गोठा झाडायला लागलं. दोन महिने असेच गेले. मग बकारामजींनी त्याला लमझना ठेवून घेतलं.

ही आमच्या झाडीपट्टीतली चाल आहे. मुलीच्या बापाला मुलगा नसतो, किंवा मुलाजवळ लग्नापुरतंही काही नसतं. मग तो मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो. ठरलेली वर्षं राबतो. मग मुलीचा बाप आपल्या दारात दोघांचं लग्न लावून देतो. तोवर मुलाची कमाई त्या घराची. लग्न लागलं की तो जावई. बायकोला घेऊन वेगळा निघाला तरी कोणी अडवत नाही. सगळा कारभार शब्दावर.

बकारामजींनी पाच वर्षं सांगितली. पंचांसमोर सांगितली.

पाचव्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. मांडवाचे बांबूही आणले होते. त्याच चैत्रात बकारामजींची बायको बाळंत झाली. एवढ्या वर्षांनी, आणि मुलगा. मुलगा जगला, ती गेली. घरात वर्षाचं सुतक. लग्न राहिलं. आणलेल्या बांबूंचा गोठ्याला कूड घातला.

तो मुलगा म्हणजे दुलीचंदजी.

त्यांना रुख्मिणीने वाढवलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. शेळीचं दूध, पेज, रात्रीचं रडणं, सगळं तिने केलं. आणि शालीकरामने केलं. पुढच्या वर्षी बकारामजींनी पंचांना बोलावलं. मागची खोली दाखवली. म्हणाले, "हे तुमच्या दोघायची. लगन पुढच्या उनारीत." पंचांनी मान डोलावली. लग्न मागाहून लागलं तरी आमच्याकडे चालतं. बोट कोणी दाखवत नाही. फक्त ते लागावं लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात, मागचा पाऊस कमी झाला म्हणून राहिलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात घर शाकारायचं होतं. मग बैल मेला. मग शेताला पाणी देणाऱ्या बोडीची पाळ फुटली. दर उन्हाळ्याला त्या घरात काहीतरी मोडत असे. बकारामजी लबाड नव्हते. फक्त त्यांना आता मुलगा होता, तो लहान होता, आणि धानाच्या बांधीत उतरणारा धड माणूस एकच होता. लग्न लागल्यावर तो गेला असता तर?

याच सुमारास गावात शाळा आली. वाचता येणारा दुसरा कोणी नव्हता. शालीकरामला हेडमास्तरांच्या हाताखाली दुसरा मास्तर नेमलं. तेव्हापासून ते गुरुजी झाले. पहाटे नांगर, दिवसा शाळा, संध्याकाळी पुन्हा गुरं. पगार बकारामजींच्या हातात. तशीच रीत होती, आणि गुरुजींनी ती कधी मोडली नाही. ट्रेनिंगला नागपूरला जायची संधी आली. बकारामजी म्हणाले, "लगन लागू दे, मंग जा." म्हणून गुरुजी जन्मभर दुसरे मास्तरच राहिले. त्यांनी शिकवलेली पोरं ट्रेनिंग करून आली आणि त्यांच्यावर हेडमास्तर झाली.

शिकवणं मात्र त्यांचंच. आषाढात रोवणी सुरू झाली की शाळा ओस पडते. पोरं आईबापांबरोबर बांधीत. बाकीचे मास्तर हजेरीवर सह्या करून झोपत. गुरुजी धोतर खोचून बांधीत उतरत. पोरांच्या ओळीत उभे राहत. भाताचा एक पऱ्हा रोवायचा, पाढ्याचं एक घर म्हणायचं. पावकी, निमकी, दिडकी. पोरं चुकली तर शेजारच्या ओळीतल्या बायका हसत, आणि बरोबर उत्तर सांगत. आमच्या गावात अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना अडीचकी तोंडपाठ आहे. मीही त्याच चिखलात शिकलो.

दुलीचंदजी लहान असताना गुरुजींच्या पाठीवर शाळेत येत. धडूत्यात बांधलेले. गुरुजी फळ्याकडे वळले की बाळ पोरांकडे बघायचं, आणि वर्ग हसायचा. हे दुलीचंदजी स्वतः सांगतात. सांगताना त्यांचे डोळे भरतात.

त्यांना गुरुजींनी आपल्या मुलासारखं वाढवलं. हे वाक्य मी किती सहज लिहिलं. गुरुजींना स्वतःची मुलं झाली होती. दोन मुलगे आणि एक मुलगी. अठरा सालच्या तापात दोन्ही मुलगे गेले. त्याच आठवड्यात बकारामजी आडवे झाले. दुलीचंद तेव्हा सोळा वर्षांचे. गुरुजी एका पोराला पुरून आले होते, दुसरं घरात तापाने फणफणत होतं. तशात सासऱ्याच्या उशाशी बसले. बकारामजींनी दुलीचंदचा हात त्यांच्या हातात दिला.

"याले पाय," ते म्हणाले. "सोडू नोको."

"नाई सोडत."

मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "अन् दुली, यायचं लगन राहिलं. माह्यानं झालं नाई. तू लावून देजो."

"देतो, बा," दुलीचंद म्हणाले.

हे मला रुख्मिणीमायने सांगितलं. ती पायाशी उभी होती.

दुलीचंदजींचं लग्न गुरुजींनीच जमवलं. बंडी जुंपून चार गावं फिरले. मुलगी पाहिली, गीताबाई. मांडव घातला. तेव्हा गावातल्या जुन्या माणसांनी सुचवलं की एकाच मांडवात दोन लग्नं उरकून टाका. टिकारामजी तेव्हा पंचांत नवे होते. ते म्हणाले, "एकाच हरदीत दोघंही रंगून जातीन. खर्चही नाई."

दुलीचंदजी वीस वर्षांचे होते. त्यांना लाज वाटली. शेजारच्या पाटावर एवढा मोठा नवरदेव, मिशीत पांढरा केस, त्याची दहा वर्षांची मुलगी मांडवात पाणी पीत फिरणार. सासरचे काय म्हणतील? ते गुरुजींनाच म्हणाले, "पुढच्या सालात वेगरं करू. धूमधडाक्यात करू. तुमचं लगन असं चोरून कायले?"

गुरुजींना ते पटलं. दुलीला आपल्या लग्नाची एवढी हौस आहे, याचा त्यांना आनंद झाला. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. आणि हसले.

थट्टा पुष्कळ होई. शाळेतून येताना पारावरची माणसं विचारत, "गुरुजी, लाडू कधी खाऊ घालता?" गुरुजी म्हणत, "तुह्या दातायची कारजी घे. तवरिक टिकले पायजे." घरी रुख्मिणीमाय त्यांना नवरदेव म्हणे. ताट वाढलं की हाक मारी, "या नवरदेव, भात निवून राहिला." एकदा मी समोर होतो. गुरुजी म्हणाले, "नवरदेवाले बसाले पाट तरी देते का?" ती म्हणाली, "पाट वहिनीच्या खोलीत आहे. मागाले लाज वाटते." दोघंही हसली. पाट खरंच गीताबाईंच्या खोलीत होता. मागच्या खोलीत पाट नव्हता.

दुलीचंदजी त्यांना भाटवा म्हणत नसत. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. ते सगळ्या गावासारखं गुरुजी म्हणत. लोकांना वाटे, काय हा मान.

मुलीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरलं फुलचूरच्या घरात. मुलगा नंदलाल. बाप गोंदियात धानाचा व्यापारी, बोलणं सगळं हिंदी. गुरुजींनी मुलीला सातवीपर्यंत घरी शिकवलं होतं. तिचं लग्न हा त्या घरातला खरा कसोटीचा दिवस होता. मुलीला हळद लागायची तर आधी आईबापांना लागलेली असावी लागते. गुरुजींनी दुलीचंदजींना विचारलं, लग्नाच्या आठवडाभर आधी. आदल्या दिवशी आमचं उरकून घेऊ का? फक्त घरातल्या घरात.

दुलीचंदजी म्हणाले, "वऱ्हाड येऊन राहिलं, गुरुजी. त्यायले समजलं तर लगन मोडन. आमी दोघं बसतो कन्यादानाले. मी काय परका हाये? मले तं तुमीच वाढवलं."



कन्यादानाला दुलीचंदजी आणि गीताबाई बसले. रुख्मिणीमाय आत वरण ढवळत होती. गुरुजी पंगतीत पाणी वाढत होते. नंदलालचे वडील मोठ्या आवाजात सगळ्यांना विचारत होते, "अरे भाई, समधीजी कहाँ हैं? गले तो मिलने दो."

कोणीतरी दुलीचंदजींकडे बोट दाखवलं.

"ये तो मामाजी हैं. लड़की के पिताजी कहाँ हैं? वो मास्टरजी?"

गुरुजी त्यांच्या समोरच होते. हातात तांब्या होता. त्यांनी तो खाली ठेवला, ओले हात धोतराला पुसले, आणि गळाभेट घेतली. व्याह्यांना वाटलं, केवढा साधा माणूस. ते आजही तसंच सांगतात.

मी पंचेचाळीस साली बी.ए. होऊन गावात परत आलो. नोकरी नव्हती. गुरुजी निवृत्त झालेले. मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. आमच्या वयांत चाळीस वर्षांचं अंतर, पण मित्र म्हणायला मला तेच होते. मी नागपूरहून आणलेल्या कादंबऱ्या ते वाचत. वाचून झाल्या की म्हणत, "बाबू, यायच्या नायकाले काही कामधंदा नाई का रे? दुसऱ्याच प्रकरणात लगन लागून जाते." मी हसत असे. त्यात काय आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट गावात कोणी बोलत नव्हतं. मला वाटायचं, ते सगळं जुनं, विसरलेलं आहे.

विसरलेलं नव्हतं. एके दिवशी त्यांनीच विचारलं, "बाबू, तू शिकलेला. मी मेलो तर हे कोन?"

रुख्मिणीमाय अंगणात धान पाखडत होती.

"तुमची बायको," मी म्हटलं.

"कोनी सांगतलं?"

मी म्हटलं, कायदा सांगेल. चाळीस वर्षांवर एकत्र संसार केला, कोणतंही कोर्ट लग्न मानेल. आणि मानायचंच कशाला, नागपूरला चला. तिथे तासाभरात लग्न लावून देतात. मी साक्षीदार म्हणून येतो.

त्यांनी मायच्या सुपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "लगन पोरीच्या दारातून लागते, बाबू. नागपूरले नेऊन लावलं तं लोक म्हनतीन, म्हातारपनी पळवून नेली. तिच्या बापानं शब्द देला होता. तिचा भाऊ देऊन बसला आहे. त्यायनंच लावून द्याव. नाई तं मी इतके वर्सं कायची वाट पायली?"

मायने सूप थांबवलं. "नागपूरले जाऊन टाका ना," ती म्हणाली. "पळवून नेली तं नेली. एकडाव तं न्या."

"तुह्या बापाचं नाव जाईन."

"बाप मेला. नाव बी त्याच्यासंगं गेलं. तुमी कायले सांभारून राहिले?"

 गुरुजींची चूक कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी ही सांगेन. त्यांना वाटे, त्यांनी ज्याला वाढवलं तो मुलगा शब्द पाळेल. कारण तो त्यांनी वाढवलेला होता.

त्या हिवाळ्यात धानाचा चुरणा, मळणी, चालू असताना ते दुलीचंदजींच्या खळ्यावर गेले. मी बरोबर होतो. बैल धानावर फिरत होते. दुलीचंदजी दावं धरून उभे होते. आता तेही त्रेचाळीस वर्षांचे, खादी घालणारे, गावात शब्दाला मान असलेले. गुरुजी वळसे घेत बोलले नाहीत.

"दुली, आमचं लगन लावून दे."

दुलीचंदजी हसले. मग गुरुजी हसत नाहीत हे पाहून थांबले. "या वयात? नातवायचं लगन कराचं का तुमचं? लोक हासतीन, गुरुजी."

"पन्नास सालं होत आले, लोक हासून राहिले. त्यायची काही कारजी नाई."

"मंग कायले पायजे? तुमाले कमी काय आहे या घरात?"

"मले काही कमी नाई. तिले नाव नाई."

बैल एक फेरी पूर्ण करून आले. दुलीचंदजींनी दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "बरं," ते म्हणाले. "शिवरात्र होऊ द्या. प्रतापगडची जत्रा झाली का लावून देतो. शपथ तुमची."

परत येताना गुरुजी भरभर चालत होते. मला मागे राहावं लागत होतं. घरी आल्यावर त्यांनी मायला सांगितलं. ती म्हणाली, "मले नवं लुगडं पायजे. हिरवं." मग तोंडावर पदर घेतला. हसत होती की काय, कळलं नाही.

शिवरात्रीच्या आधी गुरुजींना ताप आला. छातीत कफ भरला. अर्जुनीहून डॉक्टर आणला, त्याने छाती ऐकली आणि दुलीचंदजींना बाहेर नेऊन बोलला. जत्रा झाली. माणसं गडावरून परत आली. गुरुजी उठून बसू शकत नव्हते, पण शुद्धीवर होते. मायला खुणेने विचारत, दुली आला का.

मी दुलीचंदजींकडे गेलो. म्हटलं, आज लावा. खाटेवर लावा. पाच माणसं बोलवा, हळद लावा, अंतरपाट धरा. त्यांना फार दिवस नाहीत.

दुलीचंदजी रडत होते. खरंच रडत होते. हे लिहिणं मला सर्वांत जड जातं, की ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "बाबू, तुले समजत नाई. आज लगन लावलं अन् उद्या ते गेले, तं माह्या बहिनीले मीच रांड केलं ना? आज तिच्या हातात बांगड्या आहे. तिले कोनी बोट लावू शकत नाई. भाऊ होऊन मी तिच्या बांगड्या फोडू?"

मी तसाच परत आलो.  माझं शिक्षण तिथे कशाला उपयोगी पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गेले. माय त्यांच्या पायाशी बसली होती. तिने हंबरडा फोडला नाही. उठली, उंबऱ्याशी आली, आणि बांगड्या फोडायला हात उंबऱ्यावर उचलला. धुरपताबाई शेजारी होती, गावातली सर्वांत म्हातारी बाई. तिने हात वरच्या वर धरला.

"थांब, बाई. तुह्या नाई फोडाच्या."

"काऊन?"

"तुहं लगन कोठी झालं?"

मायने हात सोडवायचा प्रयत्न केला. धुरपताबाई रडत होती, पण हात सोडत नव्हती. दोन म्हाताऱ्यांची ती ओढाताण सगळं अंगण पाहत होतं. शेवटी मायचाच हात सैल पडला.

तोवर बाहेर पंच जमले होते. टिकारामजी पुढे. बहुतेक सगळे गुरुजींचे विद्यार्थी. कोणाच्या डोळ्याला पाणी नाही असं नव्हतं. तिरडी बांधून झाली. मग टिकारामजींनी दुलीचंदजींना बाजूला घेतलं आणि ते बोलले. हळू बोलले, पण मी जवळच होतो.

"कुवारा मानूस तसाच नाई जारत. रुई लागन."

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे लग्नाशिवाय मेलेल्या पुरुषाला तसाच अग्नी देत नाहीत. तो अतृप्त राहतो, गावाभोवती फिरतो, असं मानतात. म्हणून त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात. पोरांचं लावतात. विशी-पंचविशीत गेलेल्यांचं. मी लहानपणी एकदा पाहिलं होतं.

मी म्हणालो, "त्यांची मुलगी आहे. नातू आहेत."

"आहे ना, बाबू," टिकारामजी म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पन लगन नाई. गुरुजी भटकले तं तुले चालन का? आपल्याच गुरुजीले भूत म्हनाची पाळी येईन. त्यायच्या भल्यासाठीच आहे."

त्यांना ते मनापासून वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं. कोणी हसलं नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा गुरुजींच्या लग्नावर कोणी हसलं नाही.

एकाने बांधाकडे जाऊन रुईचं रोपटं मुळासकट उपटून आणलं. आतल्या घरातून हळद आली. गीताबाईंच्या खोलीतून पाट आला. पाटावर रोपटं ठेवलं, त्याला सूत गुंडाळलं. तिरडीवरच्या गुरुजींच्या कपाळाला, हाताला, पायाला हळद लावली. टिकारामजींचं उपरणं अंतरपाट म्हणून धरलं.

"नवरीचा बाप कोन?" एकाने विचारलं. कोणीतरी उभं राहावं लागतं. रुईला देणारा कोणीतरी लागतो.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"मी राहतो," दुलीचंदजी म्हणाले.

त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला. रुईचं पान गुरुजींच्या हातात ठेवलं, वरून पाणी सोडलं.   पन्नास वर्षं त्या घराला जमलं नव्हतं ते कन्यादान दुलीचंदजींनी केलं. बांधावरच्या झुडपाचं केलं.

ब्राह्मण अशा कामाला येत नाही. टिकारामजी मला म्हणाले, "तू शिकलेला. मंगलाष्टक तूच म्हन." मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा उघडलं, तरी आला नाही. शेवटी मागून कोणीतरी पुढे आला आणि म्हणू लागला. उच्चार स्वच्छ होते. एकही अक्षर खाल्लं नाही. तो गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. लोकांनी अक्षता टाकल्या. काही तिरडीवर पडल्या, काही रुईवर.

माय दारात उभी होती. प्रेमिलाने तिला धरलं होतं. प्रेमिला मोठ्याने रडत होती. माय रडत नव्हती. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहत होती, नीट, जसं एखादं काम शिकून घेताना पाहतात. अक्षता पडून झाल्या तेव्हा ती पायऱ्या उतरली. माणसं बाजूला झाली. ती तिरडीपाशी आली. गुरुजींच्या कपाळावरची हळद पाहिली. पाटावरचं रोपटं पाहिलं. मग भावाकडे वळली.

"झालं?"

"झालं, बाई," दुलीचंदजी म्हणाले.

"इतकंच रायते?"

दुलीचंदजींनी हातातला तांब्या पाटाजवळ ठेवला.

"चुलीवर भात ठेवला असता तं उकरी बी नसती आली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटत होतं. "मले वाटे, दुली, लय मोठं काम असन. तुमच्यानं होत नसन."

टिकारामजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "उचला. ऊन वाढून राहिलं."

आम्ही उचललं.